खालची खोली : न्हाणीघर आणि कारखाना



नागपुरात गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी सिमेंटचे रस्ते झाले. रस्ता टणक झाला, ही चांगली गोष्ट. परंतु जुन्या वस्त्यांतून हिंडताना आम्हांस दुसरेही काही दिसते. रस्ता वर चढला आणि घरे खाली गेली. पूर्वी ज्या घरात दोन पायऱ्या चढून जावे लागे, तेथे आता दोन पायऱ्या उतराव्या लागतात. तळमजल्याची खोली न बांधताच तळघर होऊन बसली. ओल येते, म्हणून माणसे वरच्या मजल्यावर राहतात आणि खाली मोडक्या खाटा, रिकामे पिंप नि जुने कूलर पडून राहतात. शहरात हातभर जागेला मोल असताना अख्खी खोली अशी वाया जावी, हे आपल्यासारख्या पगारदार व कष्टकरी कुटुंबांना परवडणारे नाही. अशी खोली सुधारून घ्यायची तर काय करावे, याचा विचार आजच्या सदरात करू.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचेच उदाहरण घेतो. काकाजी निवृत्त कामगार, मावशींचे गुडघे दुखतात आणि संडास-बाथरूम वरच्या मजल्यावर, जिन्याने चढून. मुलगा आयटीआय करून मोटार वाइंडिंगचे काम करतो. पंखे, कूलरचे पंप, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्यासाठी घेतलेल्या भाड्याच्या गाळ्यातच कमाईचा मोठा वाटा जातो. घरात खालची खोली रिकामी. तेव्हा एका भागात न्हाणीघर आणि उरलेल्या भागात मुलाचा कारखाना, असे ठरले. सल्ला विचारायला ते आमच्याकडे आले. आम्ही इंजिनियर नव्हे, हिशेबनीस. परंतु वस्तीतील अनेक बांधकामांच्या वह्या आमच्या हाताखालून गेल्या आहेत. त्या वह्या एकच गोष्ट सांगतात. टाइल्सवर आधी पैसा घालणारा माणूस दोन वर्षांनी त्याच टाइल्स फोडतो.

म्हणून पहिला धडा असा की, पाणी कोठून येते ते पावसाळ्यात पाहावे आणि काम हिवाळ्यात करावे. वैशाखात नागपूरची कोणतीही भिंत कोरडीच दिसते. तिच्यावर विश्वास ठेवू नये. ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा व दोन दिवसांनी पाहावे. पाण्याचे थेंब कागदाच्या भिंतीकडील बाजूस असतील तर ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस असतील तर हवा खेळत नाही. पहिल्या रोगाला बाहेरून उपाय हवा. अंगणाचा उतार घरापासून दूर करणे, गळकी पन्हळ व नळ दुरुस्त करणे, भिंतीला टेकलेली माती काढणे. नुसता आतून वॉटरप्रूफ रंग दिला तर पाणी भिंतीतच कोंडते, लोणा लागतो आणि पोपडे पडतात. दुसऱ्या रोगाला समोरासमोर दोन झरोके आणि एक एक्झॉस्ट पंखा पुरतो.

काही जण उंची वाढवायला खोलीची जमीन खोदतात. हे फार धोक्याचे आहे. पायाच्या तळाशी माती मोकळी झाली की वरचा सगळा भार अधांतरी होतो. इंजिनियरला दाखविल्याशिवाय पायाजवळ कुदळ मारू नये आणि भिंत पाडू नये. बांधकाम किंवा वापर बदलणार असेल तर महानगरपालिका अथवा सुधार प्रन्यास, ज्यांच्या हद्दीत घर असेल त्या कार्यालयात आधी चौकशी करावी.

दुसरा धडा उताराचा. पाणी कुणाचे ऐकत नाही, ते खालीच जाते. या घरची खोली रस्त्यापेक्षा दोन फूट खाली आणि मागच्या अंगणात जुनी सेप्टिक टाकी. टाकीत शिरणाऱ्या पाइपचा तळ खोलीच्या जमिनीपेक्षा जेमतेम चार इंच खाली. न्हाणीघरापासून टाकी वीस फूट. चार इंची पाइपला फुटामागे पाव इंच उतार धरला, तर वीस फुटांना पाच इंच लागतात. म्हणजे न्हाणीघराकडचे तोंड खोलीच्या जमिनीपेक्षा एक इंच वरच आले. तेव्हा न्हाणीघर उचलणे भाग होते. मिस्त्रीने सोळा इंचांचा ओटा सुचविला. खोलीची उंची दहा फूट, त्यातून ओटा वजा जाता आठ फूट आठ इंच उरतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत न्हाणीघराला किमान २.१ मीटर, म्हणजे सुमारे सात फूट उंची सांगितली आहे. संडास व न्हाणी एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर, म्हणजे तीस चौरस फूट जागा हवी. येथे पाच बाय सात फूट मिळाली.

पण सोळा इंच मावशींनी चढायचे कसे? ज्या गुडघ्यांसाठी हा खटाटोप, त्यांनाच पुन्हा पायऱ्या! तोडगा साधा निघाला. आठ इंचांच्या दोन पायऱ्यांऐवजी चार इंचांच्या चार रुंद पायऱ्या, बाजूला लोखंडी दांडी, आत कमोडशेजारी दुसरी दांडी आणि खरखरीत टाइल. चकचकीत टाइल पाहुण्यांना आवडते. म्हाताऱ्या माणसाचे मात्र तिच्यावर हाड मोडते. टाइल लावण्याआधी जमिनीवर पाणी साठवून किमान ४८ तास ठेवावे. पातळी उतरली तर गळती तेव्हाच सापडते.

खालच्या घराला आणखी एक भय असते, गटाराचे पाणी उलटे येण्याचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात अनेक घरांत पाणी शिरले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. बाहेर जाणाऱ्या पाइपवर हात पोहोचेल अशा चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा आणि दर मे महिन्यात उघडून साफ करावा. मात्र व्हॉल्व्ह बंद असताना आपले पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा अशा वेळी खालचे न्हाणीघर वापरू नये.

आता या कामातील सर्वांत मोठ्या प्रश्नाकडे येतो. नवा पाइप जोडण्यापूर्वी जुनी टाकी रिकामी करायची होती. ठेकेदार म्हणाला, “गाडी गल्लीत येत नाही न काकाजी. दोन माणसं लावतो, सकाळपर्यंत टाकी मोकळी करून देतो. स्वस्तातही पडेल.”

काकाजी म्हणाले, “माझ्या घरच्या टाकीत माणूस उतरणार नाही. काम थांबलं तरी चालेल.”

काम चार दिवस थांबले. नंतर सक्शन गाडी मोठ्या रस्त्यावर उभी करून, जादा नळी जोडून टाकी उपसली गेली. पैसे जास्त गेले. आम्हांस विचाराल तर सबंध वहीत सर्वांत योग्य खर्च तोच झाला.

वाचकहो, ही केवळ दयेची गोष्ट नाही, कायद्याची आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करून घेणे हा गुन्हा ठरविला. तो केवळ नगरपालिकेला नाही, तर काम लावणाऱ्या कोणाही व्यक्तीला लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली, ती २०२३ साली तीस लाख केली. पण गेलेला जीव भरपाईने परत येत नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन वायू साठतात. पहिल्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, परंतु तो जास्त झाला की नाकाची शक्तीच मरते. वास नाही म्हणून माणूस उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. टाकीत उतरणाऱ्या माणसाची जात कोणती असते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. ज्या समाजाने हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले, त्यातीलच आपण आज घरमालक झालो. मालकाच्या खुर्चीवर बसल्यावर आपण काय करतो, यातच आपली कसोटी आहे.

उरला मुलाचा कारखाना. पहिल्या नकाशात न्हाणीघराचा दरवाजा थेट कारखान्यात उघडत होता. सुनेने तो नकाशा पाहून एकच प्रश्न केला, “गिऱ्हाइकं बसलेली असताना आम्ही बायांनी त्यांच्यामधून जायचं का?” पुरुषांच्या हे ध्यानातही आले नव्हते. मध्ये भिंत घालून दरवाजा जिन्याच्या बाजूला काढला. घराचा नकाशा घरातील स्त्रियांना दाखविल्याशिवाय पक्का करू नये, असे आम्ही सर्वांना सांगतो.

गिऱ्हाइकांची सोयही घर खाली गेल्यामुळेच झाली. खोलीची खिडकी आता रस्त्यापासून दीड फुटावर आली. तिला फळी बसविली. माणूस रस्त्यावरूनच पंखा देतो, पावती घेतो.

कारखान्याचे विजेचे बोर्ड पाच फूट उंचीवर घेतले, कारण खालच्या खोलीत पाणी कधी शिरेल सांगता येत नाही. कारखान्याची आणि न्हाणीघराची लाइन वेगळी, दोन्हींवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, आणि अर्थिंग स्वतंत्र खड्ड्यातून, नळाच्या पाइपवरून नव्हे. वाइंडिंगला लावायच्या व्हार्निशची वाफ पेट घेते व डोके दुखविते. म्हणून व्हार्निशचे काम अंगणात, विस्तवापासून दूर, आणि डबा सदैव झाकलेला. न्हाणीघरात गॅस गिझर लावू दिला नाही. बंद जागेत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला मारतो. काम करायचे टेबल जुन्या सागवानी दारापासून केले. हत्यारे भिंतीवर टांगून प्रत्येकाच्या मागे तिची आकृती रंगविली, म्हणजे कोणते जागेवर नाही ते चटकन कळते.

हे सर्व नोव्हेंबरला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपले. होळीनंतर कूलर उतरतात आणि वाइंडिंगवाल्याचा हंगाम सुरू होतो, हे धरूनच तारखा ठरविल्या होत्या.

हिशेबाबद्दल दोन शब्द. घराची व धंद्याची वही वेगळी ठेवावी. अंदाजपत्रकावर दहा-पंधरा टक्के रक्कम अडचणींसाठी बाजूला काढावी. पैसा आधी पाण्याच्या निचऱ्यावर, मग विजेवर, मग हवेवर आणि शेवटी सजावटीवर. गाळ्याचे भाडे वाचले म्हणजे नफा झाला असे समजू नये. ती रक्कम दरमहा बँकेत टाकावी, त्यातून नवी हत्यारे येतील.

कोणी म्हणेल, मुलांना शिकवायचे ते हातात हातोडा द्यायला काय? बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. विरोध हाताच्या कामाला नाही, जन्माने लादलेल्या कामाला आहे. शिकून, निवडून, स्वतःच्या छताखाली, स्वतःचा भाव सांगून केलेले काम हे स्वाभिमानाचे काम होय.

ज्यांच्या घरी अशी खालची खोली पडून आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात तिच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा कागद लावून पाहावा आणि अनुभव आम्हांस पत्राने कळवावा.

जयभीम!