गवंडी व्हायचंय? आधी करार वाचा!

दोस्तांनो, घराचा पाया आखताना गवंडीकाका काय करतात, नीट पाहिलंय कधी? कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं, की कोपरा काटकोनात! म्हणजे तुमच्या भूमितीतला पायथागोरसच की!

ही विद्या शिकायची कुठे? बरेच जण ओळखीच्या ठेकेदाराच्या हाताखाली लागतात. घमेली वाहता वाहता वर्षं जातात. हळूहळू हात बसतोही. पण आपण काय शिकलो, हे सांगणारा कागद हाती येत नाही.

दुसरी वाट आहे शिकाऊ उमेदवारीची, म्हणजेच अप्रेंटिसशिपची. तिच्यासाठी १९६१ चा कायदा आहे. गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन अशी कितीतरी कामं त्यात येतात. काम करत शिकायचं, दरमहा विद्यावेतन घ्यायचं आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचं. २०१९ च्या नियमांत दहावी पास उमेदवाराला पहिल्या वर्षी दरमहा किमान ६,००० रुपये ठरले होते. अर्ज करताना आजचा आकडा मात्र विचारून घ्या.

अर्ज कसा करायचा? केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवायचं, आपलं काम आणि जिल्हा निवडायचा. गुणपत्रक, आधार कार्ड, बँकेचं पासबुक जवळ ठेवा. अडलं, तर सरळ जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन विचारा. लाजायचं काय त्यात?

वयाचंही बघा हं! कायद्यात किमान वय १४ आहे, पण धोकादायक उद्योगांतल्या कामांना १८. बांधकामावर उंचावर चढावं लागतं, म्हणून आपल्या कामाला कोणती अट लागते, ते आधी विचारा.

आणि आई-बाबांनो, मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर करारावर सही पालकांची लागते. सहीची घाई नको. कामाचं नाव, मुदत आणि विद्यावेतन लिहिलंय ना? कराराची सरकारी नोंदणी होणार ना? 'पुढे नोकरी देऊ' असं कुणी तोंडी म्हणालं, तर तेही करारात लिहून मागा. कारण तसं लिहिलेलं नसेल, तर मालकावर नोकरी देण्याचं बंधन नाही.

घमेलं दोघंही उचलतात, मजूरही आणि उमेदवारही. पण शिकवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो तो हा करारच. तेव्हा आधी कागद वाचा आणि मग खुशाल थापी हातात घ्या!