समारंभातील प्रकाशयोजना



कतारची राजधानी दोहा येथील मदिनत खलीफा वस्तीत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कन्येच्या साखरपुड्याचे चित्रण नुकतेच मला पाठविले. भाषणे स्पष्ट ऐकू आली. परंतु घरातील सर्वांत वडील अशा आजीबाईंचा चेहरा अखेरपर्यंत काळवंडलेलाच राहिला. त्यांना मानाने खिडकीपाशी बसविले होते. पाठीमागे आखाती दुपारचे लखलखीत ऊन! कॅमेऱ्याने त्या उजेडाशी जुळवून घेतले आणि आजीबाईंची केवळ सावली उरली.

समारंभाचे चित्रण आपल्याकडे नवे नाही. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मुंबईस परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १९०१ साली चित्रित केले. त्या काळी अशा कामाला भरवसा सूर्याचाच; म्हणून सूर्य कोठे आहे, हे आधी पाहावे लागे. आज खिशात कॅमेरा आला आणि ही पहिली पायरी आपण विसरलो.

तेव्हा खिडकी मंडळींच्या समोर अथवा बाजूस असावी, पाठीशी नसावी. रात्रीचा समारंभ असल्यास दिवा थेट तोंडावर रोखू नये. हा प्रमाद मी स्वतः केला आहे. माझ्या मुलीच्या मेंदीच्या रात्री दोन प्रखर हॅलोजन दिवे मी हौसेने लावले आणि माझी आई सारा वेळ डोळ्यांवर पदर धरून बसली. आज ती नाही. चित्रणात तिचा पदर तेवढा दिसतो. तोच दिवा पांढऱ्या छताकडे वळविला असता, तर उजेड मऊ होऊन सर्वांवर सारखा पडला असता.

आणखी दोन गोष्टी. पिवळ्या दिव्याचा रंग सुमारे ३२०० केल्विन, तर दिवसाच्या उजेडाचा सुमारे ५६०० केल्विन असतो. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा पिवळा व अर्धा निळसर दिसतो. म्हणून पडदा ओढावा किंवा दिवे मालवावेत. कतार, भारत व इस्राएल येथील वीज ५० आवर्तनांची असल्याने कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावा, म्हणजे दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही.

विद्यार्थ्याला मी उत्तर धाडले आहे: "लग्नाच्या दिवशी नवे दिवे आणण्यापूर्वी आजीबाईंची खुर्ची फिरव."