पाळणा केव्हा हलावा, हे ठरवावयाचे कोणी?

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून मानोऱ्याकडचा कोणीही शहाणा कास्तकार त्याच दिवशी पेरणीस निघत नाही. ओल किती खोल गेली ते तो पाहतो, वाफसा येऊ देतो, गोणपाटात दाणे ठेवून बियाण्याची उगवण तपासतो आणि मगच सोयाबीन-तूर पेरतो. परंतु वैशाखात त्याच्याच घरी सून आली की हे सारे शहाणपण खुंटीला टांगले जाते. पोळा आला नाही तोच "काही गोड बातमी?" हा प्रश्न सुरू होतो, आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत ती रिकाम्या ओटीने दिसली की बायकांची कुजबूज होते. शेताला जी सवड मिळते, ती सुनेला मिळत नाही. शेत तर बिचारे मुके आहे. सुनेला तोंड आहे. पण तिला विचारतो कोण?

आमचे म्हणणे साधे आहे. "मूल आम्हांस हवे आहे, पण आज नको, दोन वर्षांनी हवे," असे म्हणणाऱ्या नवरा-बायकोने कोणाचाही अपराध केलेला नाही. ही सवड घेण्याची साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि आशाताई त्यांतील काही घरपोच देतात. तरीही आमच्या घरांना दोनच टोके ठाऊक: लग्न होताच मूल, आणि दोन-तीन मुले झाली की बाईचे ऑपरेशन. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण साऱ्या देशात शंभरात अर्धेही भरले नाही! ऑपरेशन हा कायमचा दरवाजा आहे. ज्यांना दरवाजा नुसता लोटून घ्यावयाचा आहे, त्यांनी काय करावे, हे सांगणारे कोणी घरात नसते.

हा विचार काही आजचा नव्हे. रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. तिकडे तामिळ मुलखात पेरियार हेच सांगत होते, आणि त्यांचे कारण स्त्रीच्या स्वातंत्र्याचे होते. ज्या गोष्टीसाठी त्या माणसांनी शिव्या खाल्ल्या, ती आज तालुक्याच्या गावी मोफत मिळते आणि आम्ही ती लाजेने नाकारतो, याला काय म्हणावे?

आता मुद्द्याचे बोलू. साधन निवडताना "मूल थांबते का?" एवढेच विचारून भागत नाही. "सोडल्यावर किती दिवसांनी दिवस राहतील?" हेही विचारले पाहिजे. निरोध सोडला की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. शिवाय संसर्गाच्या रोगांपासूनही तो वाचवितो. 'माला-एन' ही रोजची गोळी. एका पाकिटात २८ गोळ्या, त्यांतील ७ लोहाच्या. ती बंद केल्यावर बहुतेकींची पाळी थोड्याच महिन्यांत पूर्ववत् होते. 'छाया' ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदाच घ्यावयाची. तांबी पाच किंवा दहा वर्षांची असली तरी हवी तेव्हा काढता येते, आणि काढताच गर्भधारणा शक्य होते. 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन. सोयीचे खरे, परंतु शेवटच्या इंजेक्शनापासून दिवस राहावयास साधारणपणे ७ ते १० महिने लागतात. म्हणून ज्यांना वर्षभरातच मूल हवे आहे, त्यांनी 'अंतरा' घेऊ नये. दोन-तीन वर्षे थांबावयाचे असेल तर खुशाल घ्यावे. हे आधी कळले नाही म्हणजे इंजेक्शन थांबवूनही चार महिने दिवस राहत नाहीत, आणि घरात सुनेवर वांझपणाचा शिक्का बसतो!

"पहिल्या मुलाआधी गोळी खाल्ली तर कूस वाळते," हे आमच्याकडचे पक्के बोलणे. ते खरे नाही. या साधनांनी कायमचे वंध्यत्व येत नाही. मूल न झालेल्या बाईलाही तपासणी करून तांबी बसविता येते. मात्र प्रत्येक साधन प्रत्येकीला मानवतेच असे नाही. रक्तदाब वाढलेला असेल, रक्ताची गाठ झालेली असेल, तर रोजची गोळी घेऊ नये. तांबीने काहींच्या अंगावरून जास्त जाते, तेव्हा अंगात रक्त कमी असलेलीने आधी डॉक्टरांशी बोलावे. 'अंतरा'ने पाळी अनियमित होते, कधी थांबतेही; त्याने घाबरून जाऊ नये. आणि ७२ तासांच्या आत घ्यावयाची गोळी ही अडचणीची गोळी आहे, दर आठवड्याचा उपाय नव्हे.

थांबणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. त्याच पाहणीत महाराष्ट्रात शंभरातील ५४ बायकांचे रक्त कमी आढळले. तेव्हा या दोन वर्षांत सुनेच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे पडतात की नाही, हे घराने पाहावे. सर्वांचे झाल्यावर उरेल ते तिने खावे, ही रीत मोडावी. आमच्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. नवरा-बायको दोघेही त्याचे वाहक असतील तर दर गरोदरपणी चारांत एक वेळ मूल आजारी निपजण्याचा संभव असतो. ही रक्ततपासणी दिवस राहण्याआधी दोघांनीही करून घ्यावी. आणि साधन सोडण्याच्या एक-दोन महिने आधीपासून बाईने फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी; कारण बाळाचा मेंदू व पाठीचा कणा यांची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, आणि तोवर बाईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

पुरुषांनो, तुम्हांलाही दोन शब्द. गोळी तिने खावी, तांबी तिने बसवावी, इंजेक्शन तिने टोचून घ्यावे, आणि तुम्ही काय करावे? निरोध वापरण्यात मर्दपणा कमी होत नाही. तीच गोष्ट पुढची. साधन सोडल्यावर वर्षभर दिवस राहिले नाहीत तर तपासणी दोघांचीही व्हावी. बायको पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिन्यांतच जावे, आणि अशा जोडप्याने मुळात फार थांबूही नये. नवऱ्याची तपासणी न करता बायकोला देवऋषांच्या दारी फिरविणे हा निव्वळ अन्याय आहे.

आणि सासूबाई, तुम्ही स्वतः कोणत्या हालांतून गेलात ते तुम्हांस ठाऊक आहे. तुमच्या वेळी विचारणारे कोणी नव्हते. २०१९–२१ च्या त्या पाहणीत महाराष्ट्रातील विशीतल्या तरुण बायकांपैकी शंभरांत जवळजवळ २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. अशी कोवळी पोर घरी आली असेल तर तिची प्रकृती सांभाळणे हेच घराचे पहिले काम आहे. नातू दोन वर्षांनी आला म्हणून वंश बुडत नाही. तो धडधाकट यावा आणि त्याची आई बाळंतपणातून सुखरूप उठावी, यातच घराचे भले आहे.

पाळणा केव्हा हलावा, हे ज्यांना तो हलवावयाचा आहे त्या दोघांनी ठरवावे. आणि त्यातही जिला नऊ महिने ओझे वाहावयाचे आहे, तिचा शब्द शेवटचा असावा.