दिवसा भूमिपुत्र, रात्री बंगळुरू

परराज्यात नोकरी शोधणं आता फार सोपं झालंय. साईटवर 'ठिकाण'च्या रकान्यात पुणे खोडून बंगळुरू लिहिलं की झालं. माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं रोज रात्री हेच करतात. मीही करतो.

गंमत अशी की यातलीच बरीच मंडळी दिवसा कट्ट्यावर 'इथल्या नोकऱ्या इथल्यांनाच' म्हणून तावातावाने बोलतात. मला हे पटत नाही. 1966 साली मुंबईत शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिचा रोख दक्षिणेतून आलेल्या नोकरदारांवर होता. आज मुंबई-पुण्याची मुलं त्याच दक्षिणेत जागा शोधतायत!

हरियाणाने 30,000 रुपयांपर्यंतच्या खाजगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. 2024 मध्ये कर्नाटकाने तसंच विधेयक आणलं आणि ओरड झाल्यावर बाजूला ठेवलं. ते मंजूर झालं असतं तर आमच्या शोधाचं काय झालं असतं?

स्थानिकांची तक्रार खोटी आहे असं नाही. जमीन गेली, कारखाना आला आणि नोकरी बाहेरच्याला मिळाली, तर राग येणारच. पण त्यावर उपाय प्रशिक्षणाचा आहे, दार लावून घेण्याचा नाही. आणि इथे येणाऱ्याने मराठी शिकावी असं म्हणताना आपणही तिकडे जाऊन कन्नड शिकायची तयारी ठेवावी.

घटनेचं कलम 19 देशात कुठेही राहायचा हक्क देतं. तो जाणाऱ्यांना आहे, तसा येणाऱ्यांनाही. बघा पटतंय का.