डेटाबेसचा सातबारा कोणाच्या नावावर?

पतसंस्थेचे सॉफ्टवेअर असो, शाळेच्या फीचे असो की दुकानाच्या ऑनलाइन विक्रीचे, आपल्याकडच्या छोट्या कंपन्या नवे काम घेतात तेव्हा डेटाबेस कोणता, ही चर्चा सहसा होतच नाही. कॉलेजात मायएसक्यूएल शिकलो, होस्टिंगवालाही तेच देतो, म्हणून मायएसक्यूएल. ही चर्चा व्हायला हवी, आणि आज तिचे उत्तर बहुतेक वेळा पोस्टग्रेएसक्यूएल, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पोस्टग्रेस, असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

मायएसक्यूएल मुक्त स्रोत आहे, यात वाद नाही. पण सातबारा पाहावा तसे एकदा त्याच्या मालकीकडे पाहा. तो बनवणारी मूळची स्वीडिश कंपनी 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे 1 अब्ज डॉलरना घेतली आणि 2010 मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. स्वतःच्या डेटाबेसचे परवाने विकणे हा ज्या कंपनीचा तेव्हा मुख्य धंदा होता, तिच्याच हाती हा मोफत डेटाबेस आला. त्याचे एक मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी 2009 मध्येच त्यातून मारियाडीबी वेगळा काढला, तो याच धास्तीने.

ही धास्ती निराधार नव्हती, हे नंतर इतरत्र दिसले. मोंगोडीबी या डेटाबेसने 2018 मध्ये मुक्त परवाना सोडला, रेडिसने मार्च 2024 मध्ये. रेडिसवर काम करणाऱ्या लोकांना त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्यातून व्हॅल्की वेगळा उभा करावा लागला. रेडिसने पुढच्या वर्षी मुक्त परवान्याचा पर्याय परत दिला. तोवर अनेकांनी वाट बदलली होती. सगळे हक्क एकाच कंपनीकडे असले की असे कधीही घडू शकते.

पोस्टग्रेसचे तसे नाही. 1986 मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली सुरू झालेले हे काम आज जगभर विखुरलेले लोक चालवतात. अनेक कंपन्या त्यांना पगार देतात, पण मालकी एकीचीही नाही. विकत घ्यावे असे तिथे काही नाही. परवाना अत्यंत मोकळा आहे आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात.

कामाच्या दृष्टीनेही तो काटेकोर आहे. पोस्टग्रेसमध्ये टेबलांच्या रचनेतले बहुतेक बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसवता येतात. पाचवा बदल फसला तर आधीचे चारही मागे घेता येतात. मायएसक्यूएलमध्ये असा प्रत्येक बदल आपोआप कमिट होतो, आणि मध्यरात्री अर्धवट बदललेला डेटाबेस निस्तरत बसावे लागते. रक्कम शून्याखाली जाऊ नये अशी 'चेक' अट मायएसक्यूएल 2019 पर्यंत निमूट स्वीकारत असे आणि पाळत मात्र नसे. पैशाचे हिशेब ठेवणाऱ्यांसाठी ही बाब मला आजही गंभीर वाटते.

आणखी एक उदाहरण आपल्या घरचे. मोडी लिपी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली. यूटीएफ-8 मध्ये तिच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ8' या नावाने जे मिळत होते, ते तीनच बाइटांपर्यंत जात होते. देवनागरी तीन बाइटांत बसते, त्यामुळे हा उणेपणा आपल्या सहज लक्षात आला नाही. चार बाइटांचा पर्याय 2010 पासून आहे आणि 8.0 आवृत्तीपासून तो आपसूक लागू होतो, पण जुनी टेबले अजून जुन्याच व्यवस्थेवर असू शकतात. पेशवे दफ्तरातला मजकूर उद्या मोडीतच टंकून साठवायचा ठरला, तर त्या टेबलांत तो मावणार नाही. पोस्टग्रेसच्या यूटीएफ-8 मध्ये ही अडचणच नाही.

पोस्टग्रेस निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. उबरने तो सोडून मायएसक्यूएल धरला आणि 2016 मध्ये त्याची कारणे सविस्तर मांडली. जुन्या ओळींची साफसफाई, म्हणजे व्हॅक्यूम, समजून घ्यावी लागते. कनेक्शन फार वाढली की पूलर लावावा लागतो. पण उबरच्या आकाराच्या अडचणी आपल्या पतसंस्थेला येणार नाहीत.

चालू सिस्टिम उद्याच हलवा, असा माझा आग्रह नाही. हलवायचीच झाली तर पीजीलोडर हे साधन बराच भार उचलते. शून्य तारखा आणि लहान-मोठ्या रोमन अक्षरांची तुलना या दोन जागा मात्र आधी तपासा. माझी विनंती नव्या कामापुरती आहे. पुढच्या प्रकल्पाचे पहिले टेबल पोस्टग्रेसमध्ये करून पाहा. आणि अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी येत्या सत्रात निदान निम्मी प्रात्यक्षिके त्यावर घ्यावीत.

आपला,
एक डेटाबेस अभियंता, पुणे