सायकल माझी, मग खटला सरकारचा कसा?

बालमित्रांनो,

माझा भाचा आठवीत आहे. गेल्या वर्षी क्लासच्या बाहेरून त्याची साडेसात हजारांची सायकल चोरीला गेली. घरी आल्याबरोबर पहिला प्रश्न, "कुलूप लावलं होतंस ना?" शेजारच्या काकांनी तेच विचारलं. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथेही तेच! पोरगा रडकुंडीला आला. मला हळूच म्हणाला, "मामा, चोरी मी केली की चोराने?"

ठाणे अंमलदार म्हणाले, "साधा अर्ज देऊन जा." पण आम्ही फिर्याद नोंदवण्याचा आग्रह धरला. का बरं? अर्ज फायलीत पडून राहू शकतो. फिर्याद नोंदली, म्हणजे एफआयआर झाला, की तपास सुरू होतो. अशा दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला, म्हणून पोलीस तुम्हाला परत पाठवू शकत नाहीत. एफआयआरची प्रतही फुकट मिळते. आम्ही ती घेऊनच निघालो.

दोन महिन्यांनी चोर सापडला, सायकलही सापडली. कोर्टाच्या कागदावर लिहिलं होतं, 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' अमुक अमुक. भाच्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "सायकल माझी, मग इथे माझं नाव कुठाय?"

प्रश्न अगदी बरोबर होता! आपला कायदा असं मानतो, की चोरी एकाची झाली तरी घाव साऱ्या समाजावर बसतो. म्हणून खटला सरकार चालवतं. यात एक मोठा फायदा आहे. गरीब माणसालाही वकिलाची फी भरावी लागत नाही, सरकारी वकील उभे राहतात. पण तोटाही झाला. ज्याचं नुकसान झालं, तो नुसता साक्षीदार उरला. बोलावलं की यायचं, विचारलं तेवढंच सांगायचं!

मित्रांनो, ही चूक कायद्याच्याही हळूहळू लक्षात आली. 'पीडित' म्हणजे कोण, हे आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं ते २००९ साली. आरोपी सुटला तर पीडिताला अपील करता येऊ लागलं. प्रत्येक राज्याने भरपाईची योजना करावी, असंही ठरलं. गुन्हेगार सापडला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायचं, असं त्यात आहे.

लहान मुलांवर लैंगिक अत्याचार झाला, तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतात. पोलिसांनी त्या वेळी गणवेश घालायचा नसतो. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपीसमोर उभं करायचं नसतं. किती साधी गोष्ट, पण घाबरलेल्या जिवाला केवढा धीर!

आता सायकलचं काय झालं? पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्याला 'मुद्देमाल' म्हणतात. असा माल उगीच अडकवून ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून मालकाला लवकर द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं आहे. आम्ही कोर्टात अर्ज केला आणि सायकल घरी आली. टायर बसलेले, घंटी गायब. पण स्वारी खूश!

पालकांनो, कायदा बदलायला वर्षं लागली. आपल्याला एवढा वेळ लागायला नको. मुलाची वस्तू चोरीला गेली, त्याला कोणी मारलं, छळलं, तर "तू तिथे गेलासच कशाला?" हा प्रश्न आधी विचारू नका. "तुला लागलं नाही ना? चल, मी येतो बरोबर," एवढं म्हणा.

आणि मुलांनो, घरी सांगण्याची सोय नसेल, तर १०९८ हा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो. वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा बघू!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
मामा