अपूर्व कल्पनेचें वेड

कुमारवयीन वाचकांसाठीं अद्भुतरम्य कादंबरी लिहावी, अशी इच्छा आमच्याकडील कित्येक तरुण लेखकांच्या मनांत अलीकडे उत्पन्न होऊं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ही इच्छा बोलून दाखविणाऱ्यांपैकीं बहुतेकांची लेखणी पहिल्या पानावरच अडते, आणि कारण विचारलें असतां ठराविक उत्तर मिळतें कीं, अजून कोणालाहि न सुचलेली अशी कल्पना सांपडलेली नाहीं. जादूगारांची शाळा घ्यावी, तर ती झाली आहे. शापित अंगठी घ्यावी, तर ती झाली आहे. कपाटामागें दुसरें जग उघडावें, तर तेंहि झालें आहे! अशा रीतीनें एकेक वस्तु ‘झालेली’ म्हणून खोडीत गेल्यावर अखेरीस कोरा कागद तेवढा शिल्लक राहतो. या वेडाला परीक्षकांकडून व प्रकाशकांकडूनहि खतपाणी मिळावें, हें अधिक वाईट. ‘विषयांत नावीन्य नाहीं’ एवढ्या तीन शब्दांत हस्तलिखिताचा निकाल लावला कीं, तें वाचण्याचे श्रमहि वांचतात. आमचें स्पष्ट म्हणणें असें आहे कीं, हा निकष मुळांतच खोटा आहे.

ज्या ग्रंथांच्या नावीन्यानें ही मंडळी दिपून गेली आहेत, त्या ग्रंथांचीच प्रथम साक्ष काढूं. टॉल्कीन यांचा ‘द हॉबिट’ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील बुटक्यांचीं बहुतेक नांवें, फार काय गँडाल्फ हें नांवहि, प्राचीन नॉर्स भाषेंतील ‘व्होलुस्पा’ या काव्यांतून उचललेलें आहे. आणि निधीवर निजलेल्या सर्पासुराचा पेला चोरीस जातांच तो खवळून उठतो, हा प्रसंग ‘बेओवुल्फ’ या अँग्लो-सॅक्सन महाकाव्यांत पूर्वींच आलेला आहे. टॉल्कीन हे ऑक्सफर्ड येथें त्याच भाषेचे प्राध्यापक होते. ही उचल त्यांच्याकडून अजाणतां झाली, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. ॲलन गार्नर यांची ‘द आउल सर्व्हिस’ (१९६७) ही कादंबरी वेल्स देशांतील ‘मॅबिनोगियन’ या कथासंग्रहांतील, फुलांपासून घडविलेल्या व पुढें शापानें घुबड झालेल्या स्त्रीच्या कथेवर उभी आहे. फिलिप पुलमन यांच्या १९९५ ते २००० या काळांतील कादंबरीत्रयीचा पाया तर मिल्टनचें १६६७ सालचें महाकाव्य हाच होय. यांपैकीं कोणीहि अस्पर्शित कल्पनेची वाट पाहत बसला नाहीं. प्रत्येकानें वारशानें आलेली वस्तु हातीं घेतली आणि तिला आजवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारला.

हा प्रश्न विचारणें म्हणजे काय, याचें सर्वांत स्वच्छ उदाहरण उर्सुला ले ग्विन यांचें आहे. बर्कली येथील एका लहान प्रकाशनसंस्थेच्या चालकानें त्यांच्याकडे किशोरांसाठीं पुस्तक मागितलें. ले ग्विन विचार करूं लागल्या, तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें आले ते मर्लिन व गँडाल्फ यांच्यासारखे पांढऱ्या दाढीचे वृद्ध जादूगार; म्हणजे अगदीं शिळी वस्तु! पण त्यांनीं मनाशीं विचारलें कीं, हे सारे म्हातारे कधीं काळीं तरुण असलेच पाहिजेत. मग दाढी येण्यापूर्वीं ते कोण होते, आणि एवढी भयंकर विद्या ते कोठें व कशी शिकले? या साध्या प्रश्नांतून १९६८ सालीं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी जन्मास आली. त्यांतील गर्विष्ठ मुलगा ईर्ष्येनें एक छाया जगांत सोडतो, आणि शेवटीं तिला स्वतःच्याच नांवानें हांक मारतो. जादूगारांची शाळा त्या पुस्तकांत आहे. पुढें १९९७ सालीं रोलिंग यांनीं पुनः जादूगारांची शाळाच घेतली, आणि तिची सांगड इंग्लंडांतील त्याहूनहि जुन्या वसतिगृहकथेशीं घातली. आमच्या परीक्षकांपुढें तें हस्तलिखित आलें असतें, तर त्यांचे ते तीन शब्द तयारच होते!

आतां आमच्या घरांत पाहूं. गुणाढ्यानें पैशाची भाषेंत रचिलेली ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाहीं. सातवाहन राजानें ती नाकारली, तेव्हां गुणाढ्य वनांत जाऊन पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत अग्नींत टाकूं लागला. सात लक्षांपैकीं सहा लक्ष श्लोक जळाले व एक लक्ष उरले, अशी आख्यायिका आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आमच्या पैठणच्या, भूमीशीं निगडित असलेल्या या कथेच्या उरल्यासुरल्या धनावर तीन मोठे कथाकार पोसले. अकराव्या शतकांत काश्मीरमध्यें क्षेमेंद्र व सोमदेव या दोघांनीं ती संस्कृतांत आणली, आणि बुधस्वामीची प्रत नेपाळांत मिळाली. मूळ एकच, परंतु क्षेमेंद्राचा संक्षेप, सोमदेवाचा ओघ आणि बुधस्वामीचें नागर व खेळकर वास्तव यांत कोणाचीहि गल्लत होणार नाहीं. सोमदेव तर आरंभींच निक्षून सांगतो कीं, मूळ जसें आहे तसेंच हें आहे, त्याचें उल्लंघन केलेलें नाहीं. आजचा लेखक जें लपवील, तें त्यानें अभिमानानें मिरविलें! आमच्याकडे अद्भुताची वाण कधींच नव्हती. मराठी कादंबरीचें बालपणहि ‘मुक्तामाला’ (१८६१) व तिच्यामागोमाग आलेली ‘मंजुघोषा’ यांच्या अद्भुतांतच गेलें. पुढें वास्तवाचें युग आलें, तें योग्यच झालें. पण त्या भरांत अद्भुत म्हणजे पोरकट, असा एक समज आम्हीं करून घेतला, आणि तो अजून सुटत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग चोरीलाच मोकळीक दिली म्हणावयाची! तसें मुळींच नाहीं. उत्तर उचलणें ही चोरी. वस्तु घेऊन तिला स्वतःचा प्रश्न विचारणें हा वारसा. ज्यानें आयुष्यांत बर्फ पाहिलें नाहीं, त्यानें बर्फांतील किल्ला व ओकची छडी यांवर मराठी नांवें चिकटविलीं, तर तो दुसऱ्याचें उत्तर उचलतो. आणि जो पुराणांतील देवांना नवीं चिलखतें चढवून एकमेकांशीं झुंजवितो, तोहि स्वदेशीपणाच्या नांवाखालीं तेंच करतो. कारण विचारावयाचें असें त्यालाहि कांहीं नसतें. दोघांचाहि दोष विषय जुना असण्यांत नाहीं, कुतूहल नसण्यांत आहे.

कुतूहल असलें तर सामग्री किती जवळ आहे, हें पाहा. गांवोगांवच्या पिंपळावर मुंजा बसलेला आहे. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वींच जो मेला, तो हा मुलगा. त्याची भीति घालण्यापलीकडे आम्हीं त्याचा उपयोग केला नाहीं. २०२४ सालीं ‘मुंज्या’ नांवाचा हिंदी चित्रपट येऊन गेला, सबब तोहि विषय संपला, असें आमचे तरुण मित्र म्हणतील. परंतु जो आपल्या वाचकाच्याच वयाचा राहिला, ज्याचे सोबती आजोबा होऊन निघून गेले, त्याला रस्तारुंदीसाठीं पिंपळ पडण्याच्या आदल्या रात्रीं काय वाटत असेल, हें कोणी विचारलें आहे काय? गोव्यांत व दक्षिण कोंकणांत वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्रीं तो गांवाच्या राखणीस हिंडतो व त्या झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्या वहाणा शिवणाऱ्याच्या तेरा वर्षांच्या मुलीनें एके सकाळीं झिजलेली वहाण उचलली, आणि तिच्या तळाची माती आपल्या गांवची नव्हे, हें ओळखलें, तर? येथें एकहि वस्तु नवी नाहीं. पण पुढील पान उलटण्याची इच्छा झाली, हें वाचकांनीं प्रामाणिकपणें कबूल करावें.

हा वाद केवळ साहित्यशास्त्राचा असता, तर आम्हीं एवढी शाई खर्चिली नसती. मूल बारा-तेरा वर्षांचें होईपर्यंत मराठी गोष्टी आवडीनें वाचतें. मग भय, सामर्थ्य, मैत्री, मृत्यु यांविषयींचे प्रश्न त्याला पडूं लागतात. बोधकथांनीं ते भागत नाहींत, आणि प्रौढांच्या कादंबऱ्या अद्याप त्याच्या झालेल्या नसतात. नेमक्या याच वयांत त्याच्या हातीं इंग्रजी ग्रंथ येतो आणि मराठी ग्रंथ सुटतो. इंग्रजी ग्रंथांचें ऋण आमच्यावर मोठें आहे. तेव्हां मुलानें ते वाचूं नयेत, असें आम्ही कसें म्हणूं? परंतु ज्याला आपल्या भयाची व धैर्याची भाषा फक्त परकीच सांपडली, तो पुढें मातृभाषेकडे बाजारहाटापुरता आणि आजीशीं बोलण्यापुरता वळेल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. लेखक अपूर्व कल्पनेची वाट पाहत बसतो, तीं पांच वर्षें त्याचीं जात नाहींत. त्या मुलाचीं जातात, आणि तें वय त्याला पुनः येत नाहीं.

म्हणून परीक्षकांना व प्रकाशकांना आमची विनंती एवढीच कीं, ‘विषय नवा आहे काय’ हा प्रश्न त्यांनीं आपल्या टिपणांतून खोडून टाकावा, आणि त्याच्या जागीं दोन प्रश्न लिहावे: लेखकानें जुन्या वस्तूला काय विचारलें, आणि त्याचें उत्तर त्यानें शेवटच्या पानापर्यंत न डगमगतां शोधलें काय? आणि तरुण लेखकांना सांगणें असें कीं, वहाण कोणी शिवली, हें आधीं नीट पाहून यावें. ती चालत कोठें गेली, तें लिहितां लिहितां कळेल.